समान संधी आणि प्राथमिक शाळा : जे. पी. नाईक यांच्या कार्याचा अभ्यास

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत वाचन व चर्चा यांसाठी)

शाळेचे दार सर्वांना उघडे असणे आणि शाळा सर्वांच्या उपयोगी पडणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट कायदा, इमारत व शिक्षक यांच्या योगाने साध्य होऊ शकते. दुसरी साधण्यासाठी शाळेला आपल्या वेळा, आपला अभ्यासक्रम आणि आपली दृष्टी यांचा पुन्हा विचार करावा लागतो. या दोहोंमधील अंतर किती आहे आणि ते कशाने कमी होईल, या एका प्रश्नाभोवती शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांचे जवळजवळ अर्धशतकाचे कार्य फिरत राहिले. त्यांनी खेड्यात काम केले, संशोधन केले, ग्रंथ लिहिले, राष्ट्रीय शिक्षण आयोगाचे चिटणीसपद सांभाळले आणि अखेरीस ते पुन्हा खेड्यांतील शाळाबाह्य मुलांकडे वळले. प्राथमिक शिक्षकाला त्यांच्या कार्यापासून काय घेता येईल, हे पाहणे हा या पाठाचा हेतू आहे.

१. जीवनाची घडण

नाईक यांचा जन्म ५ सप्टेंबर १९०७ रोजी आजरा तालुक्यातील बहिरेवाडी या लहानशा खेड्यात झाला. त्यांचे मूळ नाव विठ्ठल हरि घोटगे असे होते. जयंत पांडुरंग नाईक हे नाव त्यांनी पुढे धारण केले. ते दहा वर्षांचे होते त्या वर्षी, म्हणजे १९१७ मध्ये, छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाची घोषणा केली. त्यापूर्वी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात व १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात शिक्षण सक्तीचे केले होते. ब्रिटिश मुलखात मात्र नामदार गोखले यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले होते. बहुजनांच्या मुलांना शाळा मिळावी की नाही, हाच त्या काळी वादाचा विषय होता.

सविनय कायदेभंगाच्या चळवळीत नाईक यांना तुरुंगवास घडला. सुटकेनंतर त्यांनी धारवाड जिल्ह्यातील उप्पिन बेटगेरी या गावी राहून ग्रामसुधारणेचे काम हाती घेतले. गावाची स्वच्छता, आरोग्य, रस्ते आणि मुलांचे शिक्षण ही कामे त्यांनी एकमेकांपासून अलग मानली नाहीत. आजारी मूल शाळेत येत नाही. ज्या घरात दुपारच्या भाकरीची भ्रांत आहे त्या घरातील मूल गुरे राखावयास जाते. आणि जिच्या कडेवर धाकटे भावंड आहे ती मुलगी वर्गात बसू शकत नाही. म्हणून शिक्षणाचा प्रश्न केवळ शिक्षणखात्याच्या कागदांवर सुटत नाही, ही गोष्ट खेड्यात राहून काम करणाऱ्यास पहिल्या वर्षीच कळते. नाईक यांच्या पुढील सर्व लेखनामागे हा अनुभव उभा असलेला दिसतो.

१९४८ मध्ये त्यांनी मुंबईत भारतीय शिक्षण संस्था, म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन, स्थापन केली. शिक्षणशास्त्रातील पदव्युत्तर अध्ययन व संशोधन हे तिचे कार्य होते. पुढे गारगोटी येथील मौनी विद्यापीठाच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. ग्रामीण मुलाला शिक्षणासाठी गाव कायमचे सोडावे लागू नये, आणि शिक्षण घेतल्यामुळे त्याचे गावाशी नाते तुटू नये, या विचाराने गारगोटीचे काम चालले होते. त्यांच्या पत्नी डॉ. चित्रा नाईक या स्वतः थोर शिक्षणतज्ज्ञ होत्या. त्यांनीही तेथे अनेक वर्षे काम केले.

२. संख्या की गुण? एक जुना वाद

नाईक यांची भूमिका समजण्यासाठी एका जुन्या वादाकडे वळले पाहिजे. १९२९ मध्ये हार्टॉग समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. १९२२-२३ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात पहिलीच्या वर्गात असलेल्या दर १०० मुलांमागे १९२५-२६ मध्ये चौथीच्या वर्गात केवळ १८ मुले आढळतात, असे तीत दाखवून दिले होते. काही मुले मध्येच शाळा सोडून गेली होती, तर काही त्याच त्या वर्गात अडकून पडली होती. पहिल्या प्रकाराला गळती आणि दुसऱ्याला स्थगिती असे म्हणतात.

या आकड्यांवरून समितीने असा निष्कर्ष काढला की, नव्या शाळा झपाट्याने काढण्यापेक्षा आहेत त्या शाळा सुधाराव्या आणि निरुपयोगी शाळा बंद कराव्या. वरवर पाहता हा सल्ला शहाणपणाचा वाटतो. परंतु त्याचा भार कोणावर पडतो, हे पाहिले म्हणजे त्यातील अन्याय ध्यानात येतो. शाळा सुधारण्यासाठी विस्तार थांबवावा असे म्हटले की, थांबावे लागते ते ज्याच्या गावात अद्याप शाळा पोहोचलेली नाही त्या मुलाला. ज्याच्या घराशेजारी शाळा आहे त्याची शाळा सुधारते. दूरच्या वाडीवरील मूल मात्र एक पिढी मागे पडते.

सय्यद नुरुल्ला यांच्यासह लिहिलेल्या भारतीय शिक्षणाच्या इतिहासात नाईक यांनी या धोरणाची चिकित्सा केली. एकशिक्षकी शाळा या विषयावरही त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. लहान वस्तीला शाळा द्यावयाची तर ती बहुधा एकशिक्षकीच असणार. अशा शाळेत एकाच वेळी अनेक वर्ग कसे हाताळावे, मोठ्या मुलांचे साह्य कसे घ्यावे, वेळापत्रक कसे आखावे याचा शास्त्रशुद्ध विचार करणे, हाच मग समतेचा व्यवहार्य मार्ग ठरतो. लहान शाळा ही नाइलाजाची गोष्ट समजून तिची उपेक्षा केली, तर त्या वस्तीतील मुलांचीच उपेक्षा होते.

३. शिक्षण आयोग आणि परिसर-शाळा

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या ४५ व्या अनुच्छेदाने अशी दिशा दाखविली की, दहा वर्षांच्या आत चौदा वर्षे वयापर्यंतच्या सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा राज्याने प्रयत्न करावा. ही मुदत १९६० मध्ये संपली. उद्दिष्ट दूरच राहिले. या सुमारास नाईक केंद्र शासनाच्या शिक्षण मंत्रालयाचे सल्लागार म्हणून काम पाहत होते आणि त्यासाठी महिना एक रुपया एवढेच नाममात्र वेतन घेत होते.

१९६४ मध्ये डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमण्यात आला. नाईक त्याचे सदस्य-सचिव होते. २९ जून १९६६ रोजी सादर झालेल्या या आयोगाच्या अहवालाच्या सिद्धतेत त्यांचे श्रम फार मोठे होते. प्राथमिक शाळेच्या दृष्टीने त्यातील चार शिफारशी विशेष महत्त्वाच्या आहेत.

पहिली शिफारस परिसर-शाळेची. प्रत्येक शाळेने आपल्या परिसरातील सर्व मुलांना जात, धर्म, आर्थिक स्थिती असा कोणताही भेद न करता प्रवेश द्यावा आणि अशी व्यवस्था टप्प्याटप्प्याने वीस वर्षांत आणावी, असे आयोगाने सुचविले. यामागील कारणे दोन होती. सर्वसामान्यांच्या मुलांबरोबर वाढणे हा चांगल्या शिक्षणाचाच एक भाग आहे, हे पहिले कारण. दुसरे कारण अधिक व्यावहारिक होते. सधन व वजनदार पालकांची मुले सार्वजनिक शाळेत आली म्हणजे त्या शाळेच्या सुधारणेत त्या पालकांना आपोआप लक्ष घालावे लागते. ज्या शाळेत केवळ निर्बलांची मुले आहेत, तिच्या गळक्या छपराची तक्रार वरपर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो.

दुसरी शिफारस पहिली व दुसरी हे वर्ग एक घटक मानण्याची. स्थगितीचे प्रमाण पहिलीतच सर्वांत अधिक होते. ज्या मुलाच्या घरात पुस्तक नाही त्याला अक्षरओळख होण्यास थोडा अधिक वेळ लागतो. त्या मुलाला पहिल्याच वर्षी नापास ठरविणे म्हणजे त्याच्या घराच्या दारिद्र्याबद्दल त्याला शिक्षा करणे होय.

तिसरी शिफारस अंशकालिक शिक्षणाची. दिवसभर शाळेत येऊ न शकणाऱ्या मुलांसाठी त्यांच्या सोयीच्या वेळी थोडा वेळ चालणारे वर्ग काढावे, असे आयोगाने सांगितले. चौथी शिफारस शाळासमूहाची होती. एक माध्यमिक शाळा व तिच्या आसपासच्या प्राथमिक शाळा यांनी साधने, अनुभव व मार्गदर्शन यांची देवाणघेवाण करावी, असा तिचा आशय होता. आज महाराष्ट्रात रूढ असलेल्या केंद्रशाळा पद्धतीशी या कल्पनेचे जवळचे नाते आहे.

१९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने समान शालेय व्यवस्थेचे तत्त्व मान्य केले. परंतु परिसर-शाळा प्रत्यक्षात आली नाही. ऐपत असलेल्यांची शाळा निराळी आणि इतरांची निराळी, ही विभागणी पुढे वाढतच गेली.

४. हाती न लागणारा त्रिकोण

१९६९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे सदस्य-सचिव म्हणून नाईक यांनी १९७८ पर्यंत काम केले. १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला. १९७५ मध्ये त्यांचे एक महत्त्वाचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. समता, गुणवत्ता व संख्या हा भारतीय शिक्षणातील हाती न लागणारा त्रिकोण आहे, अशा अर्थाचे त्याचे शीर्षक आहे.

या पुस्तकातील विचार थोडक्यात असा सांगता येईल. शिक्षणाची तीन उद्दिष्टे आहेत : ते सर्वांपर्यंत पोहोचावे, ते चांगले असावे आणि ते सर्वांना समान संधी देणारे असावे. द्रव्यबळ मर्यादित असताना विस्तारावर भर दिला तर वर्ग फुगतात आणि गुणवत्ता घटते. गुणवत्तेवर भर दिला तर चांगल्या शाळा मूठभरांच्या वाट्याला येतात. दोन्ही प्रसंगी हानी होते ती समतेची. या ओढाताणीचे मूळ नाईक यांनी केवळ पैशाच्या अभावात शोधले नाही; ते त्यांना शाळेच्या साच्यात दिसले. ठरावीक वयाला पहिलीतच प्रवेश, दरवर्षी एकेक इयत्ता चढण्याचा क्रम, पूर्ण दिवसाची उपस्थिती आणि शिकविण्याचा अधिकार केवळ वेतनी शिक्षकाला, असा हा साचा आहे. घरी वेळ, अन्न व पुस्तके असलेल्या मुलाला तो मानवतो. ज्याला हे काही लाभत नाही ते मूल साच्याबाहेर पडते; आणि आपण मग त्या मुलालाच ‘गळलेले’ असे म्हणतो.

हा शब्द विचार करण्याजोगा आहे. ‘मुलाने शाळा सोडली’ या वाक्यात कर्ता मूल आहे. नाईक यांच्या विश्लेषणाचा रोख असा की, पुष्कळ वेळा शाळेनेच मुलाला सोडलेले असते.

याचबरोबर त्यांनी एक इशाराही दिला होता. समाजातील विषमता जशीच्या तशी ठेवून केवळ शाळेच्या बळावर समता आणता येणार नाही. शैक्षणिक सुधारणा व सामाजिक परिवर्तन ही हातात हात घालून चालली पाहिजेत. शिक्षकावर अवाजवी दोष येऊ नये यासाठी हा इशारा जितका आवश्यक आहे, तितकाच शाळेच्या वाट्याचे काम टाळण्यासाठी त्याची ढाल होऊ नये, हेही आवश्यक आहे.

५. मुलाकडे जाणारी शाळा

भारतीय शिक्षण संस्था १९७६ मध्ये मुंबईहून पुण्यास आली. १९७८ मध्ये परिषदेची जबाबदारी सोडल्यानंतर नाईक यांनी विश्रांती घेतली नाही. निवृत्तीच्या वयात ते जुन्या प्रश्नाकडेच परतले. १९७९ पासून या संस्थेने पुणे जिल्ह्यातील खेड्यांत ९ ते १४ वयोगटातील शाळाबाह्य मुलांसाठी अनौपचारिक शिक्षणाचा प्रकल्प हाती घेतला. त्याची धुरा डॉ. चित्रा नाईक यांनी वाहिली. दिवसा गुरे राखणारी, शेतात राबणारी, घर व भावंडे सांभाळणारी मुले या वर्गांना सायंकाळी येत. दिवसाच्या शाळेपासून वंचित राहिलेल्या मुलींना हा मार्ग विशेष उपयोगी पडला. वर्गाची वेळ गावाच्या व मुलांच्या सोयीने ठरे. मुलांच्या रोजच्या जगण्यातून भाषा, गणित व विज्ञान यांचे पाठ घेण्यावर भर होता. हे काम रंगात येत असतानाच ३० ऑगस्ट १९८१ रोजी नाईक यांचे निधन झाले.

अशा वर्गांवर एक आक्षेप घेण्यात येतो आणि तो बिनमहत्त्वाचा नाही. श्रीमंतांच्या मुलांना पूर्ण दिवसाची शाळा आणि गरिबांच्या मुलांना कंदिलाच्या उजेडात दोन तासांचा वर्ग, ही समता म्हणावी काय? शिवाय, मूल दिवसा कामावर जाणार हे गृहीत धरले की त्या बालश्रमाला एक प्रकारची मान्यता मिळते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याने हा प्रश्न निकालात काढला आहे. शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळाला पाहिजे आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी त्याला विशेष प्रशिक्षण मिळाले पाहिजे, असे हा कायदा सांगतो. १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास २०१६ च्या दुरुस्तीने मनाई केली. कुटुंबाला शाळेच्या वेळेबाहेर केलेली मदत यांसारखे मोजके अपवाद तेवढे तीत ठेवले आहेत. त्यामुळे सायंवर्ग हा आता नियमित शाळेला पर्याय होऊ शकत नाही.

तथापि, त्यामागील तत्त्व कायम राहते. मूल शाळेच्या व्यवस्थेत बसत नसेल, तर आधी व्यवस्था तपासावी, हे ते तत्त्व होय. ऊसतोडणीसाठी आईबाप गाव सोडतात तेव्हा मुलांना गावातच ठेवून घेणारे हंगामी वसतिगृह, कारखान्याच्या तळावरील साखरशाळा, स्थलांतर करणाऱ्या मुलाबरोबर दिले जाणारे शिक्षण हमी पत्रक, ही याच तत्त्वाची आजची रूपे आहेत. ती कागदावर असणे पुरेसे नाही. हमी पत्रक घेऊन गेलेले मूल दुसऱ्या गावच्या शाळेत प्रत्यक्ष बसले काय, याची चौकशी करणे हे त्यातील खरे काम आहे.

६. शिक्षकाने करावयाची तपासणी

नाईक यांच्या विचाराचा आपल्या शाळेपुरता उपयोग करावयाचा झाल्यास तीन प्रश्न क्रमाने विचारता येतील.

(अ) पटावर कोण नाही? आज पटनोंदणी जवळजवळ सार्वत्रिक झाली आहे. म्हणूनच उरलेली थोडी मुले दृष्टीआड राहतात. वीटभट्टी, रस्त्याचे काम, मेंढपाळांचा वाडा, पालावरील कुटुंबे, तसेच घरातच ठेवलेली दिव्यांग मुले यांच्याकडे मुद्दाम पाहिल्याशिवाय ती सर्वेक्षणात येत नाहीत.

(आ) पटावर असून कोण येत नाही? येथे सरासरी फसवी ठरते. समजा, एका शाळेचा पट ६० आहे, वर्षाचे कामाचे दिवस २०० आहेत आणि सरासरी उपस्थिती शेकडा ९० आहे. म्हणजे रोज ६ मुले गैरहजर आहेत. ही ६ मुले रोज निराळी असतील, तर प्रत्येक मुलाचे वर्षभरात २० दिवस बुडतील. ते भरून काढता येतील. परंतु रोज तीच ६ मुले गैरहजर असतील, तर ५४ मुलांची शाळा पूर्ण झाली आणि ६ मुलांना शाळाच मिळाली नाही. दोन्ही शाळांच्या मासिक पत्रकात शेकडा ९० हाच आकडा दिसेल. सबब हजेरीपत्रक उभ्या रकान्यांतील बेरजेपुरते न वाचता आडव्या ओळींनी, म्हणजे एकेका मुलाच्या नावासमोर वाचावे. बाजाराच्या दिवशी कोण येत नाही, सुगीत कोण येत नाही, आई आजारी असता कोणती मुलगी घरी राहते, हे त्या ओळीच सांगतात.

(इ) येऊनही कोण शिकत नाही? हा प्रश्न सर्वांत अवघड आहे. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक बालकाला समजून वाचता यावे व अंकगणिताच्या मूलभूत क्रिया याव्या, हे उद्दिष्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने पुढे ठेवले आहे. त्याच्याकडे समतेच्या दृष्टीने पाहावे. वर्गाचा सरासरी निकाल वाढविण्याचा सोपा उपाय म्हणजे ज्यांना येते त्यांना आणखी शिकविणे. शिक्षकाचे प्रश्न साहजिकच हात वर करणाऱ्यांकडे जातात. फळ्याजवळची जागा, वाचनाची पहिली पाळी, स्नेहसंमेलनातील भूमिका याही त्यांनाच मिळतात. यात हेतू वाईट नसतो, सवय असते. एक आठवडाभर आपण कोणत्या मुलाला किती वेळा प्रश्न विचारला याची टाचण ठेवली, तर ही सवय उघड होते. घरची बोली निराळी असलेल्या मुलाचे मौन हे अज्ञान नसून भाषेचा संकोच असू शकतो. त्याच्या बोलीतील शब्दाला वर्गात जागा मिळाली की, ते प्रमाणभाषेकडे यावयास धजते.

हे तिन्ही प्रश्न एकत्र घेतले म्हणजे त्रिकोणाच्या तीन बाजू एका शाळेच्या मापाने दिसू लागतात. राष्ट्राच्या पातळीवर हा त्रिकोण जुळविण्यास आयोग, धोरणे व द्रव्य यांची आवश्यकता आहे. तीस-चाळीस मुलांच्या वर्गात मात्र त्याचा बराचसा भाग शिक्षकाच्या हाती असतो. शेवटच्या बाकावरील मुलाला वाचता येऊ लागले, तर संख्या, गुणवत्ता व समता या तिन्हींत त्या दिवशी भर पडलेली असते.

७. चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेच्या गेल्या तीन महिन्यांच्या हजेरीपत्रकात वरचेवर गैरहजर राहणारी मुले कोणती? प्रत्येकाचे कारण घरी जाऊन विचारले आहे काय?

२. शाळेची वेळ, सुट्ट्यांचे दिवस व गृहपाठ यांपैकी कोणती गोष्ट आपल्या गावातील कष्टकरी कुटुंबांच्या मुलांना विशेष अडचणीची ठरते? नियमांच्या मर्यादेत तीत कोणता फेर करता येईल?

३. परिसर-शाळा प्रत्यक्षात आली नाही, याची कारणे आपल्या केंद्रातील अनुभवावरून मांडा. गावातील सर्व थरांतील पालकांना सार्वजनिक शाळेविषयी आस्था वाटावी यासाठी शाळा व्यवस्थापन समितीला काय करता येईल?

४. स्थलांतर करून आलेल्या मुलाच्या पहिल्या पंधरवड्याची कार्ययोजना तयार करा. त्याची जागा, त्याचा सोबती, त्याच्या बोलीतील शब्द आणि त्याच्या मागे राहिलेल्या अभ्यासाची चाचणी या चार गोष्टींचा तीत समावेश करा.